नळ घेऊन मावशीकडे

सर्व संबंधितांना, आणि त्याहून अधिक असंबंधितांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की छत्रपती संभाजीनगरच्या हडको भागात उभ्या असलेल्या एका पिवळ्या, सेवानिवृत्त स्कूल व्हॅनला नळ आलेला आहे. नळाखाली सिंक आहे, सिंकखाली दोन कॅन आहेत. चावी फिरवली की पाणी येतं, उलट फिरवली की थांबतं. हा प्रयोग मी आजवर कॉलनीतल्या सगळ्यांना, दूधवाल्याला आणि विजेचं मीटर बघायला आलेल्या एका अनोळखी गृहस्थांना करून दाखवला आहे. प्रत्येक प्रयोगानंतर मी किंचित वाकून अभिवादन करते. टाळ्या अजून पडलेल्या नाहीत, पण ते गृहस्थ मीटर न बघताच निघून गेले, यावरून परिणाम झाला असावा.

गाडीला नळ का लागला हे सांगायचं तर आधी माझ्या आईची ओळख करून द्यायला हवी. मी स्वतः फारशी महत्त्वाची नाही. वय एक्कावन्न, शाळेत चित्रकला शिकवते, लग्न करायचं राहून गेलं. त्याची गोष्ट वेगळी आणि यापेक्षा पुष्कळ कंटाळवाणी. आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि ती नळाची राखण करते.

ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्या भाग्यवान वाचकांसाठी खुलासा. आमच्याकडे नळ आठवड्याने येतो, तोही स्वतःच्या मर्जीने. कधी एक दिवस आधी, कधी दोन दिवस उशिरा. येण्यापूर्वी पाइपातून हवेचा बारीक सुस्कारा निघतो. तो आईला टीव्ही, कुकर आणि माझं गाणं या तिघांच्या वर ऐकू येतो. मग ती उठते आणि घरात जे जे पोकळ असेल ते भरून टाकते. आधी पिण्याचा हंडा, मग पिंप, बादल्या, पातेली, कढया. एकदा मी ताकाचा रिकामा पेला ओट्यावर विसरले होते, तोही काठोकाठ भरलेला सापडला. नळ चालू असताना रिकामं राहण्याचा अधिकार आईच्या राज्यात कोणालाच नाही.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी ते मनसोक्त हसून घेतलं आहे. पण या राखणीपायी आई तीन वर्षांत आपल्या थोरल्या बहिणीला भेटलेली नव्हती. सोजरमावशी पिशोरच्या पुढे एका वस्तीवर राहते. अंतर जेमतेम दोन तासांचं. "नळ येऊन जाऊ दे, मग जाऊ," आई म्हणायची. नळ येऊन जायचा. चार दिवस गेले की तिला पुढच्या नळाची चाहूल लागायची. मध्ये जे चार दिवस मिळायचे त्यांत तिचे गुडघे दुखायचे.

मग मावशीच्या मुलाचा फोन आला. मावशीचा एक डोळा आधीच गेला होता, आता दुसऱ्यातलाही उजेड कमी होत चालला होता. कन्नडच्या डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, म्हातारीला जे बघायचंय ते आता बघून घेऊ द्या.

आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा नळाजवळ पाट टाकून बसली.

"शेजारी रेहानाभाभींकडे किल्ली देऊ," मी म्हटलं. "त्या भरतील."

"तिला कोनतं भांडं आधी भरायचं ते ठावं हाय का?"

मी उठून बाहेर आले. बाहेर ती पिवळी व्हॅन उभी होती. आमच्या शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनी धंदा बंद केला तेव्हा मी ती हौसेने घेतली होती आणि मागची बाकं काढून गादी टाकली होती. मी गाडीकडे बघितलं, मग दारातून आईकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही नळाला सोडून येत नाही ना, मग नळच उचलून न्यावा.

आईने दोन दिवस विचार केला आणि दोन अटी घातल्या. एक, नळ म्हणजे नळ पाहिजे. कॅन वाकडा करून तांब्यात ओतणं चालणार नाही. दोन, पाणी संपलं किंवा यंत्र बिघडलं, तर ज्या जागी बिघडलं त्या जागेवरून गाडी माघारी.

मोंढ्याच्या पाठीमागे

मिलिंदभाऊ आमच्या कॉलनीतले निम्मे नळ बसवलेले गृहस्थ. त्यांचं घर आणि कामाची जागा मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, पाठीमागच्या गल्लीत एकच. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिला ताजा हार, आणि तिच्याखाली जगातल्या सर्व आकारांचे नळ. मी त्यांच्यापुढे माझं रेखाचित्र ठेवलं. तीन रंगांत काढलं होतं आणि पाण्याला छटासुद्धा दिली होती.

"चित्र लई भारी हाय, ताई," ते म्हणाले. "पन यात पानी वर चढतंय कशानं?"

छटेच्या नादात पंप राहून गेला होता.

पंपाचा प्रश्न त्यांनी सोडवला तो बघण्यासारखा. मला आणि आईला घेऊन ते सरळ खताबियाण्यांच्या दुकानात गेले. पाठीवर घेऊन शेतकरी फवारणी करतात त्या बॅटरीच्या पंपाची नुसती मोटर त्यांनी मागितली. मुठीएवढी असते. नळ उघडला की आपणहून चालू होते, बंद केला की आपणहून गप्प बसते, आणि गाडीच्या बॅटरीवर चालते. मी तर तिथेच प्रेमात पडले. आईने मात्र मोटर हातात घेऊन नाकाला लावली.

"याच्यात कपाशीचं औषध तर नव्हतं ना रे?"

"कोरी हाय, काकू. पुडक्यातून तुमच्यासमोर काढली."

"दुकानात औषधाशेजारीच ठिवली व्हती ना पन."

मिलिंदभाऊंनी घरी येऊन ती मोटर चालू करून तिच्यातून तीन बादल्या पाणी काढलं आणि ते पाणी आईच्या डोळ्यांसमोर शेजारच्या अंगणातल्या तुळशीला घातलं. दुसऱ्या दिवशी आई खास रिक्षा करून तुळस बघायला आली. तुळस ठणठणीत होती. काम पुढे सरकलं.

बाकीचं सोपं होतं. खिडकीखाली प्लायवूडचा ओटा. त्याला गोल भोक पाडून त्यात स्टीलचं खोलगट पातेलं बसवलं, तेच सिंक; कारण घरातलं सिंक ठेवलं तर गाडी एका अंगाला कलली असती. पातेल्याच्या बुडाला जाळी, जाळीखाली वेटोळं घातलेला पाइप, म्हणजे वास वर येत नाही. ओट्याखाली निळा कॅन चांगल्या पाण्याचा, पांढरा कॅन सांडपाण्याचा. पांढऱ्याच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक. त्यावर "सांडपाणी" असं लिहा, मिलिंदभाऊ म्हणाले. पण आईचं वाचन बेताचं, शिवाय मी चित्रकलेची शिक्षिका. मी त्यावर खरकटं ताट काढलं. ताटात भाताची शितं, वाटीच्या कडेला आमटीचा ओघळ. इतकं जिवंत खरकटं मी आयुष्यात काढलेलं नाही. हे ताट लक्षात ठेवावं ही विनंती.

काम झालं. मी चावीला हात लावणार तोच मिलिंदभाऊंनी थांबवलं. त्यांनी स्वतः नळ उघडला, पेला भरला आणि आमच्यासमोर उभं राहून सावकाश प्यायले. मग तोच पेला विसळून, भरून आईपुढे धरला.

"आमच्या दादांची रीत हाय," ते म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे वडील, तेही नळच बसवायचे. "तेव्हा काही घरी असं व्हायचं, त्यांनी बसवलेला नळ चालायचा, पन त्यांना प्यायला पानी वरून ओंजळीत वतायचे. मग दादांनी ठरवलं. नळ चालू झाला का पहिला पेला बसवनाऱ्यानं प्यायचा, दुसरा घरच्या मोठ्या मानसानं, त्याच पेल्यातून. दुसरा पेला झाल्याबिगर काम झालं असं धरायचं न्हाई आणि सामान उचलायचं न्हाई."

"मंग काही घरी लई येळ बसाया लागलं आसंल," आई म्हणाली.

"एका घरी सांजेपर्यंत बसले व्हते."

आई मेंढरांमागे वाढलेली बाई. पाणी कोणी कोणाला कसं दिलं, हे तिला सांगावं लागत नाही. तिने पेला घेतला, एका दमात रिकामा केला आणि तोंड पुसत म्हणाली, "कोमट हाय. मोटर तापती का?"

मिलिंदभाऊ हसत सामान आवरू लागले.

हर्सूल, फुलंब्री आणि थोडं पुढे

प्रस्थानाचा मुहूर्त अर्थातच नळाने काढला. सकाळी आठला पाइप सुस्कारला. आईने घर भरलं, गाडीतला निळा कॅन भरला आणि रेहानाभाभींकडे किल्ली दिली, "आग लागली तरच उघड," एवढी एकच सूचना देऊन. रेहानाभाभी मला हळूच म्हणाल्या, "आग लगी तो पानी भी तो लगेगा ना, बाजी. तब कौनसा बर्तन लूं, वो तो पूछो." मी नाही विचारलं.

हर्सूलच्या तलावावर धुकं होतं. आईने काच खाली करून तलावाकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने लोक दुसऱ्याच्या तिजोरीकडे बघतात. "एवढं उघड्यावर," ती म्हणाली आणि काच लावली.

फुलंब्री मागे पडली. दोन्ही बाजूंना मक्याची कणसं वाळत घातलेली, मधूनच आल्याच्या वाफ्यांचा तिखट वास. आई खुशीत होती. मांडीवर बहिणीसाठी घेतलेलं जांभळं लुगडं होतं. मग त्याला घाम लागेल म्हणून तिने ते मागे ओट्याखाली, कॅनच्या शेजारी नीट ठेवलं. एका निंबाखाली मी गाडी थांबवली. छोट्या शेगडीवर चहा केला. आणि मग, प्रेक्षकहो, तो क्षण आला. प्रवासातली पहिली कपबशी प्रवासातल्या पहिल्या नळाखाली धरून मी मोठ्या ऐटीत चावी फिरवली.

मोटर घुरघुरली. पाणी आलं. कप विसळला. दुसरा विसळला. आणि माझ्या पायांशी कारंजं उडालं.

अतिशयोक्ती नाही. पांढऱ्या कॅनच्या झाकणावरच्या त्या बारीक भोकातून पाण्याची धार थेट लुगड्यावर पडत होती. मी चावी बंद करायच्या ऐवजी, का कोण जाणे, भोकावर बोट ठेवलं. मग पाणी झाकणाच्या चारी बाजूंनी आलं आणि सिंकसुद्धा खालून वर भरू लागलं. शेवटी आईनेच पुढे होऊन नळ बंद केला.

"बिघडलं," ती म्हणाली. "गाडी फिरव."

"आई, थांब. बघू तर दे."

"अट काय व्हती, शाले?"

मी पांढरा कॅन ओढायला गेले तर तो जागचा हलेना. झाकण काढलं. आत काठोकाठ पाणी. दोन कप विसळून वीस लिटरचा कॅन भरतो, असं कोणत्याही शास्त्रात बसत नाही. मी सावकाश मान वळवून आईकडे बघितलं. आई निंबाच्या शेंड्याकडे बघत होती.

"आई, हा कॅन तू भरलास?"

"नळ चालू व्हता," आई म्हणाली. "हा रिकामा व्हता."

"अगं, हा सांडपाण्याचा. त्यावर एवढं खरकटं ताट काढलंय मी."

"ताट दिसलं मला. म्हनून तर भरला. मला वाटलं सैपाकाचं पानी."

माझ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम खरकट्याचं हे असं झालं. मला हसू आवरेना, पण आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसू आपोआप थांबलं. ती लुगडं पिळत होती. "फिरव म्हनलं ना," ती हळू म्हणाली. "नवं लुगडं भिजलं. पयल्याच घोटाला असं झालं. मला तवाच वाटत व्हतं, नळ सोडून निघू नये."

मला त्या वेळी कळलं की तिला गाडीच्या नळाची काळजी नव्हतीच. बहिणीने आपल्याकडे बघितलं आणि ओळखलं नाही तर काय, याची होती. तीन वर्षं नळ हे एक चांगलं कारण होतं, आणि आता तिला दुसरं कारण मिळालं होतं.

तरीही एक अडचण राहिली. काठोकाठ कॅन घेऊन गाडी वळवली तर पाणी पुन्हा उडणार, आणि वीस लिटर पाणी रस्त्यावर ओतायला आई तयार होईना. त्यात नुसती दोन कपांची विसळ होती, साबण नव्हता. इतक्यात पलीकडच्या बांधावरून मेंढरं उतरली. मागे क्रिकेटचा निळा टी-शर्ट घातलेला, पन्नाशीचा मेंढपाळ. आईने हाक मारली.

"ए दादा, मेंढरांना पानी दिऊ का?"

"द्या की, मावशे. पुन्य लागंल."

सिंकचं पातेलं निघत नव्हतं, म्हणून आम्ही कणीक मळायची परात काढली. मेंढरं तिच्याभोवती दाटली. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत, दात बघत हिंडू लागली, आणि पाच मिनिटांत दोघांनी एकमेकांचं कूळ, वस्ती आणि सोयरे काढले.

"सोजराबाईची बहीन व्हय तुमी?" मेंढपाळ थबकून म्हणाला. "शहरातली?"

"व्हय. तू वळखतो तिला?"

"आमच्या वस्तीच्या पल्याडच राहती की. लई बोलती तुमच्यावर. कुनी इचारलं, बाई, तुला माहेरचं कोन? तर म्हनती, मला बहीन हाय, पन ती नळावर हाय."

आई वाकून एका मेंढराच्या लोकरीतलं कुसळ काढू लागली.

"आमाला वाटायचं काई मोठी नोकरी हाय," तो निरागसपणे म्हणाला. "पानीपुरवठ्यात. सुट्टी मिळत नसंल."

मेंढरं पाणी पिऊन निघाली. त्याने जाताना सांगितलं, जाणार असाल तर दुपार कलायच्या आत जा, ऊन असेतोवर तिला जरा दिसतं. आई परात पुसून गाडीत चढली. ओलं लुगडं तिने दोन्ही टोकं धरून मागच्या खिडकीत बांधलं, वाऱ्याला लागेल असं.

"फिरवू का गाडी?" मी विचारलं. खवचटपणा माझ्या अंगातून जात नाही.

"ऊन चाललंय," आई म्हणाली. "दाब जरा."

मावशीच्या अंगणात

आम्ही पोहोचलो ते एखाद्या मिरवणुकीसारखे. पिवळी गाडी आणि मागे फडफडणारं जांभळं लुगडं. मावशी अंगणात बाजेवर बसली होती. आई उतरली आणि चार पावलांवर थांबली. पुढे जाईना. मावशीने डोळ्यांवर हात धरला.

"कोन हाय?"

आई पदराला पीळ घालू लागली. एरवी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाणारी बाई. मीच पुढे झाले, तर मावशीने मला हाताने बाजूला सारलं, बाजेवरून उठली आणि आईला दंडाला धरून उन्हात ओढलं. तोंड अगदी जवळ आणलं. एक डोळा मिटला, दुसऱ्याने कपाळ, मग हनुवटी चाचपावी तशी बघितली.

"गोंदन निळंच हाय अजून," ती म्हणाली. "येमे, केस लई पांढरे केलेस." आईला अशी हाक मारणारं आता तेवढंच एक माणूस उरलं आहे.

मग दोघी पुष्कळ वेळ बाजेवर बसून होत्या. तेवढ्या वेळात मी गाडी सावलीत लावली आणि दोन वेळा विनाकारण पुसली.

दुपारी आईला नळाची आठवण झाली. मावशीचा हात धरून तिने तिला गाडीत चढवलं, तिचं बोट चावीवर ठेवलं आणि फिरवायला लावलं. मोटर घुरघुरली, मावशी दचकली, मग तिच्या तळहातावर पाणी पडलं. आईने पहिला पेला स्वतः घेतला, मिलिंदभाऊंसारखा उभ्याने. दुसरा मावशीला दिला आणि रीत समजावून सांगितली.

मावशीने चवीने घोट घेतला. "झालं का तुमचं काम पुरं?"

"झालं."

"मंग आता हिरीचं पी. हे काय पानी हाय का?"

आणि तिथे आमच्या मोहिमेचा खरा विनोद उघड झाला. वस्तीवरची विहीर यंदा हात घालावा इतकी वर आली होती. एका कॅनभर पाण्यासाठी मी अख्खी गाडी बांधून काढली होती आणि ते आणलं होतं अशा ठिकाणी, जिथे म्हशीसुद्धा निवडून पाणी पितात. आई विहिरीच्या काठाशी उभी राहून बराच वेळ आत बघत होती. मी म्हटलं, "कोणतं भांडं आधी भरायचं?" तिने मला चापट मारली.

एक रात्र राहायचं ठरलं होतं, शाळेला सुट्टी होती म्हणून सहा झाल्या. बाजरीची भाकरी, पाट्यावरचा ठेचा, शेळीच्या दुधाचा दाट चहा. आमच्याकडे पाहुण्याला आल्याआल्या अर्धाच पेला पाणी देतात, उरलं तर वाया जातं म्हणून. इथे तांब्या भरून हातात ठेवतात आणि उरलेलं पाणी अंगणातल्या शेवग्याला जातं. मावशीला गाडीचा नळ फार आवडला. पाण्यासाठी नव्हे, मोटरच्या आवाजासाठी. त्या आवाजावरून तिला गाडी कुठे आहे ते कळायचं, आणि मग ती कोणाचाही हात न धरता अंगण ओलांडून यायची. दिवसातून दहा वेळा हात धुवायची.

सहाव्या संध्याकाळी आईला चाहूल लागली. बसल्या बसल्या ती दिवस मोजू लागली. वाऱ्याने पत्रा वाजला की मान वर करायची. जेवताना म्हणाली, "शाले, सकाळी च्या झाला का निघू. दिस भरत आले." मावशी भाकरी मोडत होती, ती थांबली. पण तिने थांब म्हटलं नाही.

सकाळी मी पांढरा कॅन रिकामा केला, निळा विहिरीच्या पाण्याने भरला, गादी गुंडाळली. गाडीच्या दारात ऊन आलं होतं. मावशी पायरीवर बसली होती, अंगावर जांभळं लुगडं, आणि आई मागे बसून तिची वेणी घालत होती. निम्मी झाली होती. माझा फोन वाजला. रेहानाभाभी. मी स्पीकर लावला, कारण मागे पाण्याचा आवाज येत होता आणि तो आईनेही ऐकावा असं मला वाटलं. खवचटपणा, सांगितलं ना.

"अम्मा, नल आ गया," रेहानाभाभी ओरडत होत्या. "इस बार जल्दीच आ गया. फोर्स भी क्या है. ताला खोलूं क्या, अम्मा? बोलो जल्दी."

आईचा हात थांबला. कंगवा दातांत होता, मावशीचे केस मुठीत. मावशी अजिबात हलली नाही. मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होते. आईने तोंडातला कंगवा काढला, पुन्हा मावशीच्या केसांत घातला आणि फोनकडे न बघताच बोलून गेली:

"येऊ दे. गेला का मंग सांग."